उंबरठ्यावरचा प्रश्न

पुणे जिल्ह्याच्या नकाशावर बोट ठेवून ते आग्नेयेकडे सरकवीत सरकवीत जिल्हा संपेपर्यंत नेले, म्हणजे जेथे नीरा आणि भीमा या दोन नद्या एकमेकींस भेटतात तेथे, इंदापूर तालुक्याच्या अगदी टोकाला, आमचे नरसिंहपूर लागते. घाटावर उभे राहून पैलतीराकडे पाहावे तर नीरेपलीकडे सोलापूर जिल्हा आणि भीमेपलीकडेही सोलापूर जिल्हाच. आमचा बाजारहाट अकलूजचा, कोर्टकज्जा इंदापूरचा आणि कलेक्टर पुण्याचा. त्यामुळे 'तुम्ही कोणीकडचे?' या निरुपद्रवी प्रश्नासही आमच्या गावचा मनुष्य एकदम उत्तर देत नाही, तो आधी विचारणाऱ्याचा हेतू अजमावून पाहतो. अशा या गावी गेल्या चैत्रात टपालाने एक लांबट लिफाफा आला, आणि तेव्हापासून पुढे पाच आठवडे आमच्या घरातील कोणीही मनुष्य दुसऱ्या मनुष्याशी प्रश्नोत्तरांवाचून अन्य भाषा बोलला नाही.

लिफाफ्यात माझ्या पुतण्यास एक फर्मान होते. एका सहकारी संस्थेतील कनिष्ठ लिपिकाच्या जागेकरिता त्याने वैशाखातील अमुक दिवशी सकाळी दहा वाजता पुण्यास, मूळ प्रमाणपत्रांनिशी आणि स्वखर्चाने, मुलाखतीस हजर राहावे असा त्याचा मजकूर होता. 'स्वखर्चाने' एवढा एकच शब्द ठळक टंकात छापलेला पाहून संस्था हिशेबाला चोख असली पाहिजे, असा निष्कर्ष मी, म्हणजे हयातभर महसूल खात्यात कागद इकडचे तिकडे करून अव्वल कारकुनाच्या जागेवरून निवृत्त झालेला इसम, तत्काळ काढला आणि दुर्दैवाने तो मोठ्याने बोलूनही दाखविला. त्या एका वाक्यासरशी पूर्वतयारीचे आधिपत्य माझ्याकडे चालून आले. अर्ज मुलाने केला होता, लेखी परीक्षा मुलाने दिली होती आणि तीत उत्तीर्णही तोच झाला होता. परंतु मुलाखत ही एकट्या मुलाची बाब नसून ती समस्त घराण्याची बाब असते, आणि आमच्यासारख्या लहान गावी तर ती देवाच्या उत्सवाप्रमाणे सर्व मानकऱ्यांची बाब असते, हे ज्ञान मला यथाकाल प्राप्त झाले.

वस्तुतः 'उमेदवार' हा शब्द आपण फारशीकडून उसना घेतला तेव्हाच सावध व्हावयास हवे होते. उमेद म्हणजे आशा, आणि ती बाळगून राहणारा तो उमेदवार. जुन्या कचेऱ्यांतून असे आशाळभूत तरुण बिनपगारी राबत असत; दौतीत शाई घालावी, दप्तरे सोडावी आणि बांधावी, वडील कारकुनाची पानाची चंची सांभाळावी, आणि एखादी जागा रिकामी होईल या आशेवर एक वर्ष काढावे, दोन वर्षे काढावी, याला उमेदवारी करणे म्हणत. त्या दीर्घ काळात मनुष्याचा स्वभाव, अक्षर, प्रामाणिकपणा आणि तंबाखूचे प्रमाण या सर्व गोष्टी आपोआप कळून येत, आणि ही परीक्षा चालली आहे असे कोणाच्या ध्यानातही येत नसे. हल्ली तोच उद्योग आठ मिनिटांत उरकावा लागतो, म्हणून त्यास मुलाखत हे भारदस्त नाव दिलेले आहे. पेशवाईच्या पत्रव्यवहारात मुलाखत होत असे ती राजांची, सरदारांची आणि वकिलांची. कनिष्ठ लिपिकांची होत नसे. मराठी मुलखातील सर्वांत विख्यात मुलाखत १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी झाली, आणि तिच्यासाठी शिवाजी महाराजांनी केलेली सिद्धता ध्यानी घेतली, म्हणजे भेटीची जागा आपण ठरविणे, वकिलामार्फत समोरच्याचे अंतरंग जाणून घेणे, अंगरख्याच्या आत चिलखत आणि डोईवरच्या वस्त्राखाली शिरस्त्राण घालणे, आणि रानात जागोजाग फौज पेरून ठेवणे, हे सारे पाहिले, म्हणजे पूर्वतयारी या विषयावर त्यानंतर कोणी नवीन ग्रंथ लिहिण्याचे प्रयोजनच उरले नाही असे माझे नम्र मत आहे. अंतर इतकेच की समोर कोण येणार आहे हे महाराजांना पुरते ठाऊक होते. आमच्या उमेदवाराला टेबलापलीकडे तीन माणसे बसणार की पाच, एवढेसुद्धा ठाऊक नव्हते.

तथापि फौज पेरण्याच्या बाबतीत आम्ही कसूर केली नाही. दिवस कलला की संगमाच्या घाटावर बैठक भरू लागली. तीत एक निवृत्त मुख्याध्यापक होते, ज्यांना सारे गाव गुरुजी म्हणते. एक निवृत्त पोस्टमास्तर होते. विकास सोसायटीचे सचिव होते. आणि ज्यांना उमेदवाराशी काही कर्तव्य नव्हते परंतु घाटावर वारा बरा असतो म्हणून जे येऊन बसत असे चार-पाच सभासद होते. पहिल्याच बैठकीत गुरुजींनी एक कायदेशीर हरकत घेतली. कनिष्ठ पदांच्या मुलाखती केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून बंद केल्या आहेत, तस्मात् हे बोलावणेच गैरलागू आहे, असे त्यांचे म्हणणे असून त्या आशयाचे कात्रण त्यांनी पिशवीतून काढून दाखविले. ही संस्था सहकारी आहे, केंद्र सरकारची नाही, असा खुलासा सचिवांनी केला, तेव्हा गुरुजींनी कात्रणाची घडी घालून ते पुन्हा पिशवीत ठेवले आणि सामान्यज्ञानाचे खाते स्वतःकडे घेतले. त्या संध्याकाळी उमेदवाराने शिकलेली पहिली गोष्ट अशी की ज्या नदीत तो लहानपणापासून डुंबत आला ती भीमा भीमाशंकरी उगम पावते, ८६१ किलोमीटर वाहते आणि पुढे कृष्णेस मिळते. मुलगा नदीकडे असा पाहू लागला की जणू एखाद्या घरच्या माणसाची गुप्त मिळकत त्याला नुकतीच कळली असावी.

पोस्टमास्तरांचा विषय दारातून आत येणे हा होता. मनुष्याची निवड अथवा नापसंती उंबऱ्यावरच ठरून जाते, पुढचे सारे केवळ दफ्तरी असते, असा त्यांचा सिद्धांत असून त्याच्या पुष्टीसाठी त्यांनी आमच्या माजघराचे दार पंधरा दिवस गुंतवून ठेवले. दारावर बोटाने दोनदा टकटक करावी, तीनदा केल्यास उतावीळपणा दिसतो. 'आत येऊ का, सर?' असे विचारावे, पण उत्तर येईपर्यंत आत डोकावू नये. खुर्ची उचलावी, ओढू नये. पाठ टेकावी, पण विसावू नये. या सरावाच्या काळात माझ्या वहिनींना स्वयंपाकघरातून माजघरात येतानासुद्धा परवानगी मागण्याची सवय जडली, आणि एकदा तर दुधाचा रतीब घालणाऱ्या गृहस्थास आमच्या आईने 'बसा' असे म्हणेपर्यंत ते चरवी हातात धरून सरळ पाठीने उभे राहिल्याचे मी प्रत्यक्ष पाहिले.

एवढ्याने भागेना म्हणून उमेदवारास दोन दिवस पुण्याच्या एका वर्गात धाडण्यात आले. तेथे म्हणे सराव-मुलाखत घेतात, म्हणजे खोटे अधिकारी खोट्या उमेदवाराला खरी फी घेऊन प्रश्न विचारतात. त्या वर्गातून मुलगा एक जाडजूड वही घेऊन परतला. तीत ४१० प्रश्न आणि तितकीच उत्तरे होती, आणि उत्तरे अशा खुबीने रचली होती की ती कोणाही मनुष्याची असू शकतील परंतु कोणाही एका मनुष्याची असणार नाहीत. 'तुमच्या अंगी कोणता दोष आहे?' या प्रश्नाचे उत्तर मला विशेष आवडले. दोष असा सांगावयाचा की जो कानाला दोषासारखा लागेल आणि मनाला गुणासारखा. वहीत लिहिले होते: 'मी हाती घेतलेल्या कामात इतका तल्लीन होतो की मला वेळेचे भान राहत नाही.' मुलाने हे उत्तर घरात मोठ्याने पाठ करून म्हटले तेव्हा आमची आई, जी एरवी माळ ओढीत कोपऱ्यात बसलेली असते, एकाएकी म्हणाली, "हे मात्र खरं हाय हो. तो मोबाईल घेऊन बसला की जेवायचंसुद्धा भान राहत न्हाई त्याला." मग तिने नातवाचे आणखी सात दोष क्रमवार सांगितले, ज्यांपैकी एकही वहीत नव्हता आणि एकही खोटा नव्हता.

सर्वांत अवघड पेच मात्र पगाराच्या प्रश्नावर पडला. 'आपली पगाराची अपेक्षा काय?' असे विचारल्यास काय बोलावे यावर सचिवांनी असा दंडक घालून दिला की पगार हा शब्द उमेदवाराने तोंडातून काढूच नये. तेव्हा मला बारामतीच्या मोरोपंतांची आठवण झाली. अष्टोत्तरशे रामायणे रचणाऱ्या या कवीने एक निरोष्ठ रामायणही रचले आहे, म्हणजे ज्यात ओठाला ओठ लावून उच्चारावे लागणारे प, फ, ब, भ, म यांतले एकही अक्षर येत नाही असे. मी घाटावर सहज विचार केला की आमच्या उमेदवारालाही असल्याच निरोष्ठ वाणीची दीक्षा दिलेली आहे. कारण पगार, बढती, भत्ता आणि मी, हे चारही शब्द ओष्ठ्य आहेत, आणि नोकरीच्या मुलाखतीत हे चार शब्द टाळून सगळे रामायण सांगावे लागते. मोरोपंतांना निदान बाबूजी नाईकांसारखा गुणग्राही आश्रयदाता लाभला होता, त्यांनी पुराण ऐकून मनुष्य पारखला. पाठ टेकली की विसावली हे पाहून नव्हे.

या सर्व खटाटोपात माणूस पारखण्याच्या विद्येचा इतिहास माझ्या मनात घोळू लागला, आणि निवृत्त मनुष्याच्या मनात इतिहास घोळू लागला म्हणजे तो श्रोत्यांच्या शोधात निघतो. मी घाटावर सांगितले की कौटिल्याने अमात्यांची परीक्षा घेण्यासाठी चार उपधा सांगितल्या आहेत: धर्मोपधा, अर्थोपधा, कामोपधा आणि भयोपधा, म्हणजे गुप्तपणे माणसे पाठवून अमात्यास धर्माच्या नावाने, द्रव्याच्या लोभाने, राणीच्या प्रेमाच्या बतावणीने आणि भीती घालून राजाविरुद्ध फितवून पाहावे, आणि जो चारांतून शुद्ध निघेल त्यास जबाबदारीची जागा द्यावी. कालांतराने पहिल्या तीन उपधा खर्चाच्या दृष्टीने परवडेनाशा झाल्या आणि आता मुलाखत-मंडळांपाशी भयोपधा तेवढी शिल्लक राहिली आहे. मी पुढे सांगितले की इंग्रजी अमदानीत सनदी नोकरीसाठी परीक्षा उत्तीर्ण झालेल्या तरुणास घोड्यावर बसण्याचीही परीक्षा द्यावी लागे. अरविंद घोष १८९० साली लेखी परीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण झाले, परंतु घोड्याच्या परीक्षेस ते हजरच राहिले नाहीत, आणि त्या कारणाने सनदी नोकरी त्यांना नाकारण्यात आली. त्याच सुमारास सयाजीराव गायकवाड लंडनमध्ये होते; त्यांनी भेट घेतली आणि घोड्याची चौकशी न करता दरमहा २०० रुपयांवर हा विद्वान बडोद्याच्या नोकरीत घेतला.

आता याच ओघात स्वतःची हकीकत सांगणे मला भाग आहे. सुमारे पन्नास वर्षांपूर्वी एका कचेरीत मीही मुलाखतीस उभा राहिलो होतो. साहेबांनी माझी प्रमाणपत्रे पाहिली नाहीत, माझे अक्षर पाहिले नाही, त्यांनी एकच विचारले, "सायकल येते का?" मी ताबडतोब "हो, साहेब" म्हणालो. सायकल मला येत नव्हती. नेमणूक झाली, आणि त्यानंतरचा संपूर्ण महिना मी रात्रीच्या अंधारात शाळेच्या पटांगणावर भाड्याच्या सायकलीवरून पडत काढला. त्या महिन्याची निशाणी माझ्या उजव्या गुडघ्यावर अद्याप आहे. अरविंदबाबू घोड्याच्या परीक्षेस गेले नाहीत म्हणून पुढे महायोगी झाले. मी सायकलीविषयी खोटे बोललो म्हणून पुढे अव्वल कारकून झालो. प्रत्येकाला आपापल्या उत्तराप्रमाणे गती मिळते.

खुद्द आमच्या गावाची कथा याच जातीची आहे. नरसिंहाचे सध्याचे भव्य देऊळ ज्यांनी बांधविले ते विंचूरकर सरदार मूळचे दाणी. त्या घराण्याचे कर्ते पुरुष विठ्ठल शिवदेव हे चाकरी शोधीत साताऱ्यास गेले असता शिकारीच्या प्रसंगी त्यांनी दाखविलेल्या धाडसावर शाहू महाराज खूश झाले आणि त्यांना पदरी ठेवून घेतले, असे सांगतात. म्हणजे तेथेही वही नव्हती. प्रश्न रानातून धावत आला आणि उत्तर हातातल्या हत्याराने दिले. ही कथा मी मोठ्या आवेशाने सांगितली, त्यावर पोस्टमास्तरांनी इतकेच विचारले की शिकारीच्या आधी त्यांनी आत येण्याची परवानगी घेतली होती काय.

जाण्याच्या आदल्या संध्याकाळी मुलाला घेऊन मी देवळात गेलो. आमच्या देवाची मूर्ती प्रल्हादाने वाळूची केली अशी श्रद्धा आहे, आणि वैशाख शुद्ध चतुर्दशीस, दिवस आणि रात्र यांच्या सांध्यावर, देवाचा जन्म साजरा होतो. तेथे खांबाला टेकून बसलो असता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, जी पाच आठवड्यांपूर्वी आली असती तर पुण्याच्या वर्गाची फी वाचली असती. हिरण्यकशिपू हा आद्य उमेदवार होय. पूर्वतयारी करावी तर त्याने केली. दिवसा मरण नको आणि रात्री नको, घरात नको आणि बाहेर नको, माणसाकडून नको आणि पशूकडून नको, शस्त्राने नको आणि अस्त्राने नको, जमिनीवर नको आणि आकाशात नको. ज्या ज्या दारातून प्रश्न येण्याचा संभव होता ते ते दार त्याने ब्रह्मदेवाकडून आगाऊ बंद करून घेतले होते. आणि प्रश्न आला तो उंबऱ्यावर, तिन्हीसांजेला, खांबातून. याउलट प्रल्हादाने काहीही तयारी केलेली नव्हती. 'कोठे आहे तुझा देव?' या प्रश्नाला त्याने जे ठाऊक होते ते सांगितले आणि स्वस्थ राहिला. हा विचार मी मुलाला ऐकविणार होतो. परंतु त्याने डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते. मला वाटले स्तोत्र म्हणत असेल. जवळ जाऊन ऐकले तर २७६ व्या प्रश्नाचे उत्तर चालले होते.

वेषभूषेविषयी थोडक्यात सांगतो. सदरा पांढरा, इंदापूरच्या परिटाकडून इस्त्री होऊन आला तो इतका ताठ की खुंटीवर नुसता टांगला असता उमेदवारापेक्षा अधिक आत्मविश्वासू दिसे. बूट वालचंदनगरच्या मावसभावाचे, अर्ध्या नंबराने मोठे, म्हणून आत वर्तमानपत्राची घडी घातलेली. त्या निमित्ताने चालू घडामोडींवर मुलाचे पाय तरी घट्ट रोवले गेले असे गुरुजी म्हणाले. फाईल मी स्वतः लावली: शाळा सोडल्याचा दाखला, अधिवासाचे प्रमाणपत्र, पदवी, संगणकाचे प्रमाणपत्र, टंकलेखनाचे मराठी ३० आणि इंग्रजी ४०, आणि प्रत्येकाच्या दोन साक्षांकित प्रती. हल्ली उमेदवार स्वतःच स्वतःला साक्षांकित करतो. आमच्या काळी त्यासाठी राजपत्रित अधिकाऱ्याच्या दारी तीन हेलपाटे घालावे लागत आणि तीच खरी नोकरीची पूर्वतयारी असे. पहाटे निघताना वहिनींनी हातावर दही-साखर घातली. आईने नातवाच्या पाठीवरून हात फिरविला आणि ज्यावर सचिवांनी एवढे निर्बंध घातले होते तो प्रश्न निर्धास्तपणे विचारला, "पगार किती देनार हायत?"

एस.टी.ने इंदापूर, तेथून सोलापूर महामार्गाने पुणे, असा प्रवास करून आम्ही पावणेदहाला त्या संस्थेच्या व्हरांड्यात पोहोचलो. असा व्हरांडा ज्याने पाहिला नाही त्याने मनुष्यस्वभाव पाहिला नाही. बाकांवर वीस-बावीस ताठ सदरे बसलेले असतात, प्रत्येकाच्या मांडीवर फाईल, प्रत्येक जण दुसऱ्याची फाईल किती जाड आहे हे तिरप्या नजरेने मोजीत असतो. आणि आतून एखादा बाहेर आला की आतापर्यंत शत्रू असलेले सारे जण त्याच्याभोवती आप्तांप्रमाणे गोळा होऊन एकच पृच्छा करतात, 'काय विचारलं?' बाहेर आलेला कधीही खरे सांगत नाही. ज्याचे चांगले झाले तो म्हणतो, 'विशेष काही नाही.' ज्याचे वाईट झाले तोही म्हणतो, 'विशेष काही नाही.' शिपाई मात्र सर्व जाणून असतो. तो प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे एकदा पाहतो आणि पुढचे नाव पुकारतो.

आमचे नाव साडेबाराला पुकारले गेले. टकटक दोनदाच झाली, ती मी मोजली. बरोबर आठ मिनिटांनी दार उघडले. मुलाच्या मुद्रेवर आनंद नव्हता आणि विषादही नव्हता. स्टेशन यावयाच्या आधीच गाडी थांबावी तसा तो दिसत होता.

"काय विचारलं?" मी म्हणालो.

"काका, नाव विचारलं, गाव विचारलं," तो म्हणाला. "नरसिंहपूर म्हटल्याबरोबर मधल्या साहेबांनी चष्माच काढून ठेवला. त्यांचं कुलदैवत आहे म्हणे. दहा वर्षांत जाणं झालं नाही."

"मग?"

"मग अभिषेकाला किती वाजता यावं, अकलूजहून गाडी बरी की इंदापूरहून, नदीला पाणी असतं का, घाटाच्या पायऱ्या म्हाताऱ्या माणसाला झेपतील का, त्यांच्या आई ऐंशीच्या आहेत. सगळं सांगितलं मी. पायऱ्यांना कुठे आधार आहे तेही सांगितलं. बाकीचे दोघंही ऐकत होते."

"आणि वहीतलं?"

"वहीतलं काहीच नाही."

मी थक्क झालो, परंतु मनातून संतुष्टही झालो; कारण या विषयात आमच्या उमेदवारास कोणी हरवू शकले नसते. तेवढ्यात तो खाली पाहत म्हणाला, "शेवटी एक विचारलं. ते म्हणाले, देव तुमच्या गावी आहे हे खरं, पण ज्या खांबातून तो निघाला तो खांब कुठे आहे?"

"तू काय सांगितलंस?"

"माहीत नाही म्हणालो."

परतीच्या सबंध प्रवासात, म्हणजे दीडशेहून अधिक किलोमीटर, मी त्या दोन शब्दांवर त्याची हजेरी घेतली. ज्या मुलाला ४१० उत्तरे पाठ, त्याने आपल्याच दैवताविषयीच्या एकुलत्या एक प्रश्नाला 'माहीत नाही' म्हणावे? काही तरी ठोकून द्यावयाचे. 'देवळातलाच तिसरा' म्हणावयाचे. साहेब काही खांब मोजावयास येणार नव्हते. मुलगा खिडकीतून उसाकडे पाहत राहिला. उजनीच्या फुगवट्याचे पाणी दिसू लागले तेव्हा तो इतकेच म्हणाला, "काका, तो खरंच मला माहीत नाही. आणि ते खरंच मोजायला येतील. अभिषेकाला येणार आहेत ना."

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि त्याच क्षणी माझा उजवा गुडघा, जो केवळ पावसाळ्यात दुखतो, भर वैशाखात दुखू लागला.

घाटावर त्या रात्री खास बैठक भरली. खांबाचा प्रश्न ऐकताच गुरुजी उभे राहिले आणि गरजले, "मुलतान! प्रल्हादाचे देऊळ मुलतानास आहे, खांब तेथला असे मानतात. आता ते पाकिस्तानात गेले." पोस्टमास्तरांनी आंध्रातील अहोबिलम् येथील उग्रस्तंभाचा दावा पुढे केला आणि त्या दोघांत अर्धा तास जे युद्ध झाले त्यात उमेदवार सर्वांच्या विस्मरणात गेला. गुरुजींनी अखेर त्याच्याकडे वळून विचारले, "मुलतान हे नाव तरी ऐकले आहेस काय?" मुलगा म्हणाला, "हो गुरुजी. २००४ साली सेहवागनं तिथं ३०९ केले होते." प्रश्न मुलतानाचा होता आणि उत्तर अचूक होते, म्हणून त्यास कोणी बोल लावू शकले नाही.

ज्येष्ठात निकाल लागला. जागा चार होत्या, चार नावे निवडयादीत होती, आणि त्यांखाली प्रतीक्षायादी म्हणून जे सदर होते त्यात पहिले नाव आमच्या मुलाचे होते. घरात हर्ष करावा की खेद याचा निर्णय होईना. आईने विचारले, "म्हंजे आत गेला का बाहेर राहिला?" मी म्हणालो, "दोन्ही नाही. उंबऱ्यावर आहे." तिने माळ कपाळाला लावली आणि म्हणाली, "मग बरं हाय. देव तिथंच येतो."

यादीची मुदत एक वर्षाची आहे. मुलगा तूर्त अकलूजच्या एका दुकानात हिशेब लिहितो आणि इस्त्रीचा सदरा फडताळात आहे. त्याची वही आमच्या शेजारच्या मुलाने मागून नेली. देण्यापूर्वी मी ती चाळून पाहिली, तेव्हा शेवटच्या पानावर पुतण्याने आपल्या अक्षरात ४११ वे उत्तर वाढविलेले आढळले: 'माहीत नाही.' प्रश्नाची जागा त्याने कोरी ठेवलेली आहे. शेजारच्या मुलाची मुलाखत येत्या मार्गशीर्षात असून, तो एवढे एक उत्तर सोडून बाकीची ४१० मन लावून पाठ करीत आहे. घाटावरची बैठक पुन्हा सुरू झाली आहे, आणि अध्यक्षस्थानी, अर्थात, मीच आहे.